हायसिंथचा तुरा पानांतच अडकून बसतो, लातुरात काय करावं?

गच्चीबाग_लातूर: हायसिंथचे, म्हणजे त्या वासाच्या तुऱ्याच्या परदेशी फुलझाडाचे, पाच कंद मागवलेत, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात येतील. इकडे ज्यांनी लावले त्यांच्याकडे देठ वर येतच नाही, पानांच्या बेचक्यातच चार फुलं उमलतात आणि संपतं. खत कमी पडतं का? आणि कुंडीत लावू की काचेच्या ग्लासात? म्हणून विचारायलो.

कंदवेडा: खताचा काही संबंध नाही. पहिल्या फुलाला लागणारं अन्न कंदातच असतं. कमी पडते ती थंडी. हे मूळचं तुर्कस्तान-सीरिया-लेबनॉनकडचं झाड, देठ लांब व्हायला त्याला ४ ते ९ अंशांत सलग दहा-बारा आठवडे लागतात. परभणीत पारा एखाद्या पहाटे दहाच्या खाली गेला तरी दुपारी २८ होतो, त्यामुळे ती थंडी जमेस धरू नका.

कंद कागदी पिशवीत घालून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. फ्रीझरमध्ये नको, प्लास्टिकमध्येही नको, बुरशी धरते. त्याच फ्रीजमध्ये सफरचंद, केळी, टोमॅटो नकोत. पिकत्या फळांतून निघणाऱ्या इथिलिन वायूने आतली कळी जळते, बाहेरून कंद मात्र ठणठणीत दिसतो. ५ नोव्हेंबरला ठेवले तर संक्रांतीला दहा आठवडे भरतात. पुढच्या खेपेला ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच मागवा, म्हणजे फूल ऐन थंडीत येईल.

पिशवीवर ठळक ‘कांदा नाही’ लिहा. गंमत नाही, हा कंद विषारी आहे. हाताळताना हातमोजे घाला, सालीतल्या ऑक्झॅलेट क्षाराच्या बारीक सुयांनी खाज सुटते.

बोअरचं_पाणी: पाचच आहेत तर ग्लासात लावा, मुळं दिसतात. मात्र पाणी कंदाच्या बुडाला टेकू देऊ नका, अर्धा सेंटिमीटर खालीच ठेवा. बूड भिजलं की कुजतो आणि वास सुटतो. मुळं ओलाव्याच्या ओढीने आपोआप खाली उतरतात. पाणी आठवड्याला बदला, बोअरचं जड पाणी टाळा. फ्रीजमधून काढल्यावर घरातल्या सगळ्यात गार, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा. कोंब चार-पाच सेंटिमीटर झाला की मगच उजेडात आणा. घाईने उन्हात ठेवलात तर थंडी पुरेशी मिळूनही देठ आखूड राहतो.

गच्चीबाग_लातूर: फूल झाल्यावर कंद पुढच्या वर्षी चालेल?

कंदवेडा: ग्लासातला नाही, तो पार रिता होतो. कुंडीतलाही आपल्या उन्हाळ्यात टिकत नाही. दरवर्षी नवा कंद, असाच हिशेब धरा.

मोगरा_परभणी: दरवर्षी पैसे घालायचे नसतील तर निशिगंध लावा की. वासाला तोड नाही आणि आपल्या उन्हाची त्याला सवय आहे. दोन-तीन सेंटिमीटर व्यासाचे कंद एप्रिल-मेमध्ये पाच-सहा सेंटिमीटर खोल लावायचे, ३० सेंटिमीटर अंतरावर. काळ्या जमिनीत गादीवाफाच करा, पावसाळ्यात पाणी साचलं की कंद सडतात. हारासाठी एकेरीत (पाकळ्यांचा एकच थर) ‘प्रज्वल’, फुलदाणीसाठी दुहेरीत (जास्त थर) ‘सुवासिनी’, दोन्ही बंगळूरच्या बागायती संशोधन संस्थेचे वाण. घरी वासासाठीच हवा असेल तर एकेरीच घ्या.