झाडं लावून आवाज अडेल का?
विमानतळाशेजारी राहणाऱ्यांना होणारा आवाजाचा आणि धुराचा त्रास कसा कमी करायचा, यावर काहींनी विमानतळाच्या कुंपणालगत दाट झाडी लावायला सुचवलंय. झाडं जरूर लावा, पण धावपट्टीवरून येणारी खर्जातली घरघर झाडांना फारशी जुमानत नाही. ॲमस्टरडॅमच्या स्किपोल विमानतळाचंच बघा. 2003 मध्ये तिथे पोल्डरबान ही नवी धावपट्टी सुरू झाली आणि सपाट रानावरून हा आवाज पार पलीकडच्या गावापर्यंत जायला लागला. मग लक्षात आलं की शेतं नांगरली की आवाज कमी होतो! त्यावरून शेजारच्या जमिनीत मातीचे लांबच लांब, समांतर वरंबे घातले. दोन वरंब्यांमधलं अंतर साधारण त्या आवाजाच्या तरंगलांबीइतकं. वरंब्यांवर आपटून आवाज वर फेकला जातो. लोकांना फिरायला बागही झाली, ते वेगळंच.

पण हा उपाय जमिनीलगतच्या आवाजाचा. आपल्या घाटकोपर-कुर्ल्यात विमान डोक्यावरूनच उतरतं, तिथे वरंबे काय करणार? (आणि मुंबईत तेवढी जागा द्यायची कुणी?) तिथे रात्रीच्या उड्डाणांवरच बोट ठेवायला हवं. फ्रँकफर्टला 2011 पासून रात्री 11 ते पहाटे 5 नियोजित उड्डाणं बंद आहेत, तीही लोक कोर्टात गेले म्हणून.

धुराचं त्यामानाने सोपं आहे. उभ्या विमानाच्या शेपटीतलं छोटं इंजिन वीज आणि एसीसाठी चालू ठेवतात, त्याऐवजी गेटवरूनच वीज आणि थंड हवा द्यायची. ही सोय असेल तिथे ती वापरायची सक्ती हवी.