बॅटरी आणि गॅस सिलेंडर एकाच पॅसेजमध्ये, किती अंतर ठेवायचं?

बेसा_रोड:
नमस्कार मंडळी. छतावर ३ किलोवॅटचं सोलर आहेच, आता त्याला लिथियम बॅटरी जोडून राहिलो. मे महिन्यात वादळ आलं की आमच्या लेआउटची लाईन रात्र रात्र येत नाही आणि आईला ऑक्सिजनची मशीन लागते, ती बंद पडून चालत नाही. बॅटरी ५१.२ व्होल्ट १०० एएच, म्हणजे ५ युनिटची. इन्स्टॉलर म्हणतो बाजूच्या पॅसेजमध्ये खाली स्टँडवर ठेवू, लाईटचं मीटर तिथंच आहे, वायर कमी लागते. पण त्याच पॅसेजमध्ये किचनच्या खिडकीखाली आमचे दोन सिलेंडर आहेत, भिंतीतून तांब्याची नळी आत शेगडीला गेली आहे. टेपने मोजलं, मधे साडेतीन फूट आहे. भाऊ अमेरिकेत असतो, तो म्हणतो तिकडे गॅस मीटरपासून ३ फूट सोडतात. मग आपलं बसतं ना त्यात? इन्स्टॉलर तर म्हणतो लिथियममध्ये स्पार्क होतच नाही. सोमवारी माणसं येणार आहेत होल मारायला, कोणाला पक्कं माहीत असेल तर सांगा.

पॅनल_वायरमन:
भाऊ, सोमवारचं काम आधी थांबवा. तुमचे बंधू सांगतात तो नियम तिकडच्या पाईपच्या गॅसचा आहे. तिथल्या पाईपलाईन नियमात इमारतीच्या आत बसवलेला मीटर ठिणगी पडेल अशा वस्तूपासून ३ फूट, म्हणजे ९१४ मिलिमीटर लांब पाहिजे असं आहे. पण पाईपमधला गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन, हवेपेक्षा हलका, लीक झाला की वर जातो. आपल्या सिलेंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन, तो हवेच्या दीड ते दोन पट जड. तो वर जात नाही, फरशीलगत पसरत जातो आणि नाली नाहीतर चेंबर सापडला की तिथं साचून राहतो. हवेत २ टक्क्यांच्या आसपास झाला तरी पेट घेतो. त्यामुळे साडेतीन फूट बरोबर की चार, हा प्रश्नच नाही, स्टँडवर खाली ठेवलेली बॅटरी त्याच्या वाटेतच आली ना.

आणि स्पार्क नाही हे कोण म्हणतं? सेलमध्ये नसेल, पण इन्व्हर्टरमध्ये आहे. लाईन गेली की टक् आवाज येतो तो रिलेचा, म्हणजे आतल्या आपोआप पडणाऱ्या स्विचचा, त्याचे कॉन्टॅक्ट सुटताना ठिणगी पडते. ब्रेकर चालू लोडवर पाडला तरी पडते. त्यातही बॅटरीची लाईन डीसी, एसीसारखी ती सेकंदाला शंभरदा शून्यावर येत नाही, म्हणून तिचा आर्क लवकर विझत नाही.

मानेवाडा_ताई:
दादा, एक करून पहा. सिलेंडरजवळ फरशीवर बादलीभर पाणी ओता आणि कुठं जातं ते बघा. उतार जिकडे, जड गॅसही वारा नसला की तिकडेच सरकतो. आमच्या घरी पाणी थेट चेंबरच्या जाळीकडे गेलं, म्हणून आम्ही ती बाजूच सोडून दिली. आणि कोणी स्वस्तात ट्युब्युलर, म्हणजे पाणी टाकायची लेड-ॲसिड बॅटरी घ्या म्हणालं तर लक्षात ठेवा, ती चार्ज होताना हायड्रोजन सोडते, तिला मोकळी हवा लागतेच. आईंची काळजी घ्या.

अजनी_सोलर:
वरच्या दोघांचं बरोबर, मी उलटी बाजू सांगतो. गॅसमुळे बॅटरीला धोका हे सगळे बोलतात, बॅटरीमुळे सिलेंडरला काय होतं तेही बघा. सेल बिघडून तापत गेला तर त्यातून हायड्रोजन, कार्बन मोनॉक्साईड असले जळणारे वायू निघतात, आणि शेजारी १४.२ किलोचे दोन सिलेंडर तापायला लागले तर आत प्रेशर वाढतं. वर किचनची खिडकी, धूर सरळ घरात. अमेरिकेच्याच एनएफपीए ८५५ मध्ये, म्हणजे बॅटरी बसवायच्या अग्निसुरक्षा नियमावलीत, बाहेरच्या भिंतीवरची बॅटरी दार-खिडकीपासून ३ फूट लांब ठेवायला सांगितलं आहे, तुमचे बंधू बहुतेक फक्त गॅसचं बोलले.

पॅसेज पश्चिमेचा असेल तर आपल्या नागपूरचं ऊन धरा, ४५ डिग्रीत दुपारी ती भिंत हात लावू देत नाही. बॅटरीच्या डेटाशीटमध्ये चार्जिंगचं कमाल तापमान छापलेलं असतं, ते इन्स्टॉलरला दाखवायला लावा. माणूसही लायसन्सवाला कॉन्ट्रॅक्टरच पाहिजे. आणि कधी वास आलाच तर कोणतंही बटण चालू-बंद करू नका, रेग्युलेटर बंद करून १९०६ ला फोन.

बेसा_रोड:
सगळ्यांचे मनापासून आभार. पाणी ओतून पाहिलं, उतार बॅटरीच्या जागेकडेच आहे. इन्स्टॉलरला नाही म्हणून कळवलं. आता समोर पोर्चची पूर्वेची भिंत आहे, सावली राहते, जवळ खिडकी नाही. पण मीटरपासून ४० फूट पडतं, बॅटरीची वायर किती जाड घेऊ?

पॅनल_वायरमन:
बॅटरीची वायर लांबवूच नका. इन्व्हर्टरही पोर्चमध्ये बॅटरीच्या बाजूला न्या आणि ४० फूट ओढायची ती एसीची वायर. ३ किलोवॅटला ४८ व्होल्टवर ६० अँपिअरच्या वर जातं, तेच २३० वर १३. बॅटरी जमिनीवर नाही, कमरेच्या उंचीला भिंतीवर घ्या. आईंच्या मशीनचं सर्किट वेगळं काढा, त्यावर फ्रिज, पंखे काही नको. मशीन ३५० वॅटची धरली तर ५ युनिटमध्ये रात्र निघते. मशीनवर वॅट लिहिलेले असतात, ते बघून सांगा.