शब्दचर्चा: 'काळजीवाहू कार्यसंस्कृती'?

अनुस्वार: एका कंपनीच्या कर्मचारी-पुस्तिकेचं मराठी तपासायला आलंय. मुखपृष्ठावर 'काळजीवाहू व सर्वसमावेशक कार्यसंस्कृती'. पहिलाच शब्द अडतो. काय करावं?

पूर्णविराम: अडणारच. मराठीत काळजीवाहू असतं ते सरकार, नवं येईपर्यंत खुर्ची सांभाळणारं. शिवाय 'काळजी' दुतोंडी आहे. काळजी करणं म्हणजे जीव टांगणीला लागणं, काळजी घेणं म्हणजे निगा राखणं. क्रियापद काढलं की कुठली काळजी ते कळत नाही. 'आपुलकीची' चालेल, पण मुखपृष्ठापुरतीच. आतल्या कलमांत आपुलकीला काम नाही. तिथे कोण, काय आणि किती दिवसांत, एवढंच लिहायचं.

वेलांटी: 'सर्वसमावेशक' हल्ली विम्यालाही लावतात, अहवालालाही. तिथे 'सर्वंकष' हवा. माणसांच्या बाबतीत 'सामावून घेणारी' जवळचा, पण त्यात सामावून घेणारे घरचे आणि बाकीचे पाहुणे असा वास येतो. 'सर्वांना वाव देणारी' घ्या.

अनुस्वार: घेतला. आतलं एक वाक्य: 'दिव्यांग कर्मचाऱ्यांना आवश्यक त्या सवलती देण्यात येतील.'

पूर्णविराम: इथे शब्दाबरोबर अर्थही घसरलाय. सवलत म्हणजे नियमातून सूट: तिकिटात, वयोमर्यादेत. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याला अभिप्रेत आहे ती सोय, म्हणजे मालकावर अवाजवी बोजा न पडता केलेला योग्य तो फेरबदल. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर ही सोय. 'सवलत' लिहिलं की साहेबाला ती मेहेरबानी वाटते आणि शेजारच्या टेबलाला लाड.

'आवश्यक त्या' ही तर पळवाट. काय करणार ते लिहा. दारात 15 सेंमीच्या दोन पायऱ्या असतील तर चढ 30 सेंमी. चाकाच्या खुर्चीसाठी 1:12 या प्रमाणाने (1 सेंमी चढाला 12 सेंमी लांबी) उतार 3.6 मीटर लांब हवा. जागा नाही म्हणून दीड मीटरची फळी टाकली की प्रमाण 1:5 होतं. चढताना ढकलणारा दमतो, उतरताना चाकाची खुर्ची हातातून सुटते. त्याला उतार नव्हे, घसरगुंडी म्हणतात.

रफार: 'दिव्यांग' कलमात राहू द्या, राज्याच्या विभागाच्या नावातही तोच आहे. पण चळवळीतल्या अनेकांना त्यातलं 'दिव्य' नको असतं. समोरच्या माणसाशी बोलताना त्यालाच विचारावं.

अनुस्वार: आणि 'महिलांनी गैरवर्तनाची तक्रार तात्काळ पॉश समितीकडे करावी'?

वेलांटी: सात शब्दांत तीन चुका! 'पॉश' म्हणजे मराठी वाचकाला झुंबरं लावलेलं हॉटेल. ते खरं तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013च्या कायद्याचं इंग्रजी लघुरूप. त्या कायद्यात आधी 'अंतर्गत तक्रार समिती' होती, 2016च्या दुरुस्तीनंतर 'अंतर्गत समिती'. पाट्या मात्र जुन्याच लटकतात. 'गैरवर्तन' उशिरा येण्यालाही म्हणतात, इथे 'लैंगिक छळ' स्पष्ट लिहा. सगळ्यात घातक 'तात्काळ'. मुदत 3 महिन्यांची आहे आणि सबळ कारण असेल तर समिती आणखी 3 महिने वाढवू शकते. 'तात्काळ' वाचून पंधरा दिवस गप्प राहिलेल्या बाईला वाटतं, आता वेळ गेली.

पूर्णविराम: समितीचं वर्णनही तपासा. 'वरिष्ठ अधिकारी अध्यक्ष' नव्हे, 'वरिष्ठ महिला कर्मचारी'. किमान निम्म्या सदस्य महिला आणि एक सदस्य बाहेरचा. भाषांतरात हा बाहेरचा सदस्य हमखास गळतो.

अनुस्वार: शेवटचं, 'स्तनदा माता विश्रांतीगृह'.

रफार: विश्रांतीगृह कशाला, शासकीय विश्रामगृह आहे का ते? एसटी स्थानकांमुळे 'हिरकणी कक्ष' सगळ्यांना ठाऊक आहे. खाली तपशील लिहा: आतून लागणारी कडी, पाठ टेकता येईल अशी खुर्ची, पंपासाठी प्लग, हात धुवायला बेसिन, दूध ठेवायला छोटा फ्रिज. आणि एक वाक्य न विसरता: 'या खोलीत रद्दीचे गठ्ठे ठेवू नयेत.'