मदत हवी आहे: सेलेनियमवालं खत सलग चार वर्षं टाकलंय, काळ्या जमिनीत साठत जाईल का?

वावर_अकोट: भारी काळी जमीन, चुनखडीयुक्त, सामू (पीएच) 8.3. खरिपात सोयाबीन, रब्बीत हरभरा. दोन्ही पेरण्यांसोबत एकरी दोन बॅगा (50 किलोच्या) सेलेनियमयुक्त दाणेदार खत. बॅगेवर 10 मिलिग्रॅम प्रति किलो छापलंय. मृदा आरोग्य पत्रिकेत सेलेनियमचा रकानाच नाही. कुटार ढोरांना जातं, विहीर वावरातच आहे. जमीन विषारी होईल का? तपासायचं कसं?

काळीमाती: भाऊ, आधी हिशोब. 100 किलो खतात 1 ग्रॅम सेलेनियम. वर्षाला 2, चार वर्षांत 8 ग्रॅम एकरी. एका एकरातली वरची 15 सेंमी माती साधारण 8 लाख किलो भरते. म्हणजे कणभरही बाहेर गेलं नाही असं धरलं तरी वाढ 0.01 मिग्रॅ प्रति किलो. जगभरच्या मातीची सरासरी 0.4 च्या आसपास असते. या वेगानं साठून विषारी व्हायला पिढ्या जातील.

फिनलंडमध्ये 1984 पासून देशभर खतात सोडियम सेलेनेट (सेलेनियमचा पाण्यात विरघळणारा क्षार) घालतात. धान्यपिकांसाठी किलोला 16 मिग्रॅनं सुरुवात झाली, 1990 मध्ये 6 वर आणलं, 1998 मध्ये 10 केलं. तिथं मातीतलं एकूण सेलेनियम फारसं वाढलं नाही. पण तो दाखला इथं जसाच्या तसा लावू नका. तिथली जमीन आम्लधर्मी. तिथं सेलेनेटचं सेलेनाइट (सेलेनियमचंच दुसरं रूप) होतं आणि ते लोह-ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडला चिकटून बसतं. आपल्या 8.3 सामूत सेलेनेट सेलेनेटच राहतं, मातीचा कण त्याला धरत नाही. पीकही सहज उचलतं आणि पाणीही.

खारपाण: म्हणून माती सोडा, विहीर बघा. उन्हाळ्यात भेगा पडलेल्या वावरावर मृगाचा पहिला मोठा पाऊस आला की पाणी भेगांतून थेट खाली जातं, सोबत पेरणीआधी फेकलेलं खतही. ते दोन-तीन पावसांनी भेगा मिटल्यावर, तिफणीनं बियाण्याच्या बाजूला पेरा. पिण्याच्या पाण्यात भारतीय मानकाची मर्यादा 0.01 मिग्रॅ प्रति लिटर आहे. खारपाणपट्ट्यात निचरा नसतो, तिथं आणखी जपा. कॅलिफोर्नियातल्या केस्टरसन जलाशयात 1983 मध्ये पक्ष्यांची विकृत पिल्लं सापडली, ती सिंचनाच्या निचऱ्याच्या पाण्यात साठलेल्या सेलेनियममुळं. तिथं खताचा संबंध नव्हता, मातीतलंच होतं.

सोबत सिंगल सुपर फॉस्फेट टाकत असाल तर त्यातलं सल्फेट मुळाशी सेलेनेटची वाट अडवतं. पीक कमी घेतं, उरलेलं जमिनीत राहतं. पैसे देऊन टाकलेलं असं वाया जातं, हे विक्रेता सांगत नाही. पंजाबात नवांशहर-होशियारपूरच्या सेलेनियमग्रस्त पट्ट्यात पिकानं सेलेनियम कमी घ्यावं म्हणून हेच तत्त्व वापरून जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) टाकतात.

वावर_अकोट: आणि सोडियम सेलेनेटची पावडर आणून घरीच मिसळली तर? स्वस्त पडते म्हणतात.

काळीमाती: नका. पावडरीत सुमारे 42 टक्के सेलेनियम असतं. हेक्टरी 10 ग्रॅम सेलेनियम द्यायचं तर एकरी साडेनऊ-दहा ग्रॅम पावडर लागते. किराणा काट्यावर ती मोजता येत नाही आणि टोपल्यात खतासोबत सारखी मिसळतही नाही. एका कोपऱ्यात दहापट पडली की त्या पट्ट्यातलं कुटार जनावरांना धोक्याचं ठरू शकतं. वैरणीत 5 मिग्रॅ प्रति किलोच्या वर गेलं आणि तीच रोज खाऊ घातली की खूर चिरतात, शेपटीचे केस गळतात.

खारपाण: नमुना असा घ्या. हरभरा निघाल्यावर, 0-15, 15-30 आणि 30-60 सेंमी वेगवेगळे, आठ-दहा ठिकाणांहून, प्लास्टिकच्या बादलीत. सावलीत वाळवा, ओव्हनमध्ये तापवलं तर काही सेलेनियम उडून जातं. हे खत कधीच न पडलेल्या धुऱ्यालगतच्या तशाच मातीचा एक नमुना जोडा, नाहीतर आकडा कशाशी ताडणार? सूक्ष्म अन्नद्रव्यांसाठी नेहमी वापरतात त्या डीटीपीए अर्कावर भागत नाही. एकूण सेलेनियम (आयसीपी-एमएस किंवा हायड्राइड पद्धतीचं एएएस) आणि पाण्यात विरघळणारं, दोन्ही मागा. सोबत कुटार अर्धा किलो, विहिरीचं पाणी एक लिटर. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात किंवा नागपूरच्या मृदा सर्वेक्षण संस्थेत आधी फोन करून ही तपासणी होते का ते विचारा, मगच पिशवी उचला.