'डू द नीडफुल' आता थांबवायचं का?

मेघना_ठाणे

ग्राहकांना जाणारी इंग्रजी पत्रं आणि ईमेल पाठवण्याआधी तपासणं हे माझं रोजचं काम आहे. माझं मत स्पष्ट आहे: आपल्या ऑफिसांत वर्षानुवर्षं चालत आलेली काही वाक्यं ठरवून बदलली पाहिजेत.

सगळ्यात आधी 'काइंडली डू द नीडफुल'. वाचणाऱ्याने नेमकं काय करायचं? सही करायची, पैसे भरायचे, की कागद पुढच्या टेबलावर पाठवायचे? लिहिणाऱ्याला ते माहीत असतं, तरी लिहीत नाही. 'प्लीज साइन पेज थ्री अँड सेंड इट बॅक बाय फ्रायडे' एवढं लिहिलं की पुन्हा फोन करावा लागत नाही.

मग 'रिव्हर्ट'. आपण तो 'उत्तर द्या' अशा अर्थाने वापरतो. भारताबाहेर बहुतेकांना रिव्हर्ट म्हणजे पूर्वस्थितीला जाणं एवढंच माहीत असतं, आणि सॉफ्टवेअरमध्ये तर 'केलेला बदल मागे घेणं' हा त्याचा पक्का अर्थ आहे. 'प्लीज रिव्हर्ट ऑन दीज चेंजेस' असं परदेशातल्या प्रोग्रॅमरला लिहिलं, तर उत्तर पाठवायचं की काम पुसायचं हा प्रश्न त्याला पडणारच. 'रिप्लाय' लिहायला काय हरकत आहे?

'आय हॅव अ डाउट' हेही तसंच. आपल्याकडे शाळेत शंका विचारणं म्हणजे प्रश्न विचारणं, म्हणून डाउट लिहिताना आपल्याला काही वावगं वाटत नाही. 'आय हॅव अ डाउट अबाउट युअर रिपोर्ट' वाचून अमेरिकी माणसाला मात्र वाटतं, याचा आपल्यावर विश्वास नाही. तिथे 'क्वेश्चन' हवा. आणि नोकरीच्या अर्जातलं 'आय पास्ड आउट इन 2015' परदेशात 'मी बेशुद्ध पडलो' असंच वाचलं जातं.

प्रत्येक ऑफिसने 'प्रमाण इंग्रजी' अशा मथळ्याखाली अशा वाक्यांची एक पानी यादी करावी आणि शेजारी पर्याय द्यावेत. पटत नसेल तर जरूर लिहा.

गोदाकाठ

पटत नाही. प्रमाण म्हणजे कुणाचं प्रमाण, हे आधी सांगा.

'टेबल' हे क्रियापद घ्या. ब्रिटनमध्ये विषय 'टेबल' करणं म्हणजे चर्चेला आणणं, अमेरिकेत म्हणजे बाजूला ठेवणं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकी अधिकाऱ्यांच्या बैठकीत यावरून मोठा वाद झाला, दोघांनाही एकच गोष्ट हवी असताना. चर्चिल यांनी आठवणींत ते लिहून ठेवलंय. मातृभाषा इंग्रजी असणाऱ्यांचं हे असं, तर आपण कुणाच्या यादीवर टिक करायची?

शिवाय 'डू द नीडफुल' आपण शोधलेलं नाही. इंग्रजांच्याच पत्रव्यवहारातून ते आलं. त्यांनी सोडलं, आपण ठेवलं. 'प्रीपोन' ऑक्सफर्डच्या कोशात आहे. 'बैठक पुढे ढकलली' याला पोस्टपोन चालतं, मग अलीकडे घेतली तर प्रीपोन का नको? पुण्याहून चेन्नईला गेलेल्या ईमेलमधलं 'रिव्हर्ट' दोन्हीकडे बरोबर कळतं. कधीच न येणाऱ्या परदेशी वाचकासाठी आपली भाषा खरवडून का काढायची?

मेघना_ठाणे

प्रीपोनला माझा अजिबात विरोध नाही. लाख-कोटीही राहू देत. माझ्या पत्रांचे वाचक मात्र परदेशी आहेत आणि ते रोज येतात.

परभणीकर

मला वेगळीच काळजी आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी माध्यमात शिकलो. मुलाखतीला आलेला मुलगा 'मायसेल्फ' म्हणून नाव सांगतो आणि समोर बसलेले एकमेकांकडे बघतात, हे मी अनेकदा पाहिलंय. त्या मुलाचं नाव कळलं नाही असा त्या खोलीत एकजणही नसतो. पुढे त्याला काम किती येतं हे कुणी नीट ऐकतही नाही.

तुमच्या यादीत उद्या 'डिस्कस अबाउट' येईल, 'रिटर्न बॅक' येईल, 'टुमारो इटसेल्फ' येईल. आपल्या 'उद्याच'मधला 'च' कुठेतरी बसवायला हवा म्हणून आलेलं ते 'इटसेल्फ' आहे. यातल्या एकानेही अर्थ बिघडत नाही. ही यादी भिंतीवर लागली की साहेबांच्या हाती छडी येईल, आणि ती इंग्रजी माध्यमवाल्यांच्या पाठीवर पडणार नाही. अर्थाचा घोटाळा आणि व्याकरणाची चूक या दोन गोष्टी एका कागदावर आणूच नका.

धावपट्टी

परभणीकर, तुमचा मुद्दा विमान वाहतुकीने फार मोठी किंमत मोजून मान्य केलाय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

27 मार्च 1977, कॅनरी बेटांतला टेनेरिफचा विमानतळ, दाट धुकं. धावपट्टीवर दोन बोइंग 747. डच विमानातून रेडिओवर आलं, 'वी आर नाऊ अॅट टेकऑफ'. सहवैमानिकाला म्हणायचं होतं की आम्ही निघालो आहोत. स्पॅनिश नियंत्रकाने अर्थ घेतला की विमान उड्डाणाच्या जागी थांबलंय, आणि तो 'ओके' म्हणाला. 'थांबा, मी सांगतो' हे त्याचं पुढचं बोलणं दुसऱ्या विमानाच्या संदेशात मिसळलं आणि डच विमानात नीट ऐकू गेलं नाही. दोन्ही विमानं आदळली आणि 583 माणसं मेली. धुकं होतं, कॅप्टनची घाई होती, कारणं अनेक होती. पण ते एक वाक्यही त्यात होतं.

त्यानंतर नियम झाला की 'टेकऑफ' हा शब्द उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचा. एरवी 'डिपार्चर'. लक्षात घ्या, बोलणारा डच, ऐकणारा स्पॅनिश, इंग्रजी दोघांचीही मातृभाषा नाही. उच्चार सुधारून किंवा व्याकरण घोटून हा प्रश्न सुटला नसता. सगळ्यांनी एका शब्दाचा एकच अर्थ धरायचा ठरवलं, तेव्हा सुटला. मेघनाताईंची यादी मी याच कसोटीवर लावेन: वाचणारा दुसरंच काही करून बसण्याची शक्यता आहे का? असेल तर बदला. नसेल तर त्या मुलाला 'मायसेल्फ' म्हणू द्या.

गोदाकाठ

टेनेरिफची गोष्ट मान्य. पण कोटेशनच्या ईमेलने कुणी मरत नाही, आणि तिथे नीट कळलं नाही तर परत विचारायची सोय असते. शिवाय 'प्रमाण म्हणजे स्पष्ट' हे गृहीतच चुकीचं आहे. 'बायवीकली' शंभर टक्के प्रमाण शब्द आहे, आणि त्याचे कोशात दोन अर्थ आहेत: आठवड्यातून दोनदा आणि दोन आठवड्यांतून एकदा. तो तुमच्या यादीत कुणी घातला नाही, कारण तो आपला नाही, त्यांचा आहे.

मेघना_ठाणे

घातला, आत्ताच. हा मुद्दा तुमचा पक्का आहे. यादीच्या मथळ्यातून 'प्रमाण' हा शब्द मी काढते.

जुना_टिपणीकार

सरकारी नोकरीतून निवृत्त आहे. तुम्ही सगळे शब्दांबद्दल बोलताय, पण 'डू द नीडफुल' टिकलंय ते अधिकाराच्या उतरंडीमुळे. आमच्या मराठी टिपणीतही हेच असतं: 'माहितीस्तव व पुढील योग्य त्या कार्यवाहीस्तव सादर.' 'योग्य ती' म्हणजे कोणती, हे खालच्याने वरच्याला सांगायचं नसतं. सांगितलं तर आगाऊपणा, आणि पुढे काही बिघडलं तर 'तुम्हीच लिहिलं होतं ना' म्हणून बोट त्याच्याकडे. मोघम वाक्यात त्याची नोकरी सुरक्षित राहते. ही भीती जोवर आहे, तोवर तुमची यादी भिंतीवरच राहील.

मेघना_ठाणे

काका, हा या धाग्यातला सगळ्यात खरा मुद्दा वाटतो, आणि तरी मी हार मानणार नाही. वरिष्ठांना आदेश न देताही नेमकं लिहिता येतं. 'टेंडर शुक्रवारी बंद होतंय, त्याआधी पान तीनवर आपली सही लागेल' यात मुदत टेंडरची आहे, लिहिणाऱ्याची नाही. यात कुणाचा मान जात नाही.

आणि भीतीचं म्हणाल, तर बदल वरून यावा लागतो. अमेरिकेत 2010 साली कायदाच झाला की सरकारी खात्यांनी लोकांसाठीचा मजकूर सोपा लिहावा. आपल्याकडे 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरमालक-भाडेकरू वादातला हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयाचा एक निकाल इंग्रजी समजतच नाही म्हणून नव्याने लिहायला परत पाठवला. दोन्ही पक्ष निकालाची वाट बघत असताना! एवढ्या उंचीवर असं होत असेल, तर सगळा दोष घाबरलेल्या कारकुनाचा कसा?

परभणीकर

मग यादीवर पहिली ओळ ही टाका: ही फक्त बाहेर जाणाऱ्या पत्रांसाठी आहे, मुलाखत, बैठक, बोलणं यांना लागू नाही. ही ओळ असेल तर माझा विरोध मागे.

मेघना_ठाणे

टाकते, याच शब्दांत.

गोदाकाठ

माझा विरोध कायम आहे, फक्त आता तो लहान झालाय. 'नीडफुल' काढा, 'डाउट' परदेशी पत्रांतून काढा. 'रिव्हर्ट' मात्र देशातल्या पत्रांत राहील. तिथे त्याचा दुसरा अर्थ काढणारा वाचक मला अजून कुणी दाखवलेला नाही.