दानीएलच्या पुस्तकातला राग

बायबलमधल्या दानीएलच्या पुस्तकात बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याच्या रागाला एकच अरामी (हिब्रूच्या जवळची एक प्राचीन भाषा) शब्द आहे, असं कुणी म्हणेल. पण तसं नाही, शब्द अनेक आहेत. दुसऱ्या अध्यायात ज्ञानी लोकांना राजाचं स्वप्न सांगता येत नाही म्हणून नबुखद्नेस्सर भडकतो, तिथे ‘बनस’ आणि ‘कसफ’ ही क्रियापदं आहेत. ‘बनस’ तर अख्ख्या बायबलमध्ये तिथेच येतं! तिसऱ्या अध्यायात शद्रख, मेशख, अबेद्नगो हे तीन यहुदी राजाने उभारलेल्या सोन्याच्या मूर्तीपुढे वाकत नाहीत, तेव्हा रागासाठी ‘रगज’ आणि ‘हमा’ हे शब्द येतात. ‘रगज’च्या मुळाशी थरथरणं, ‘हमा’च्या मुळाशी उष्णता (आपल्या संतापातही ताप आहेच). म्हणून याच अध्यायातलं १९वं वचन मला विलक्षण वाटतं: राजा ‘हमा’ने भरतो आणि त्या तिघांना टाकायची भट्टी सातपट तापवायला सांगतो. त्याच वचनात त्याच्या बदललेल्या मुद्रेसाठी ‘सलेम’ (प्रतिमा, रूप) हा शब्द आहे, आणि सोन्याच्या मूर्तीलाही तोच.