लिथियम वर्षानुवर्षे घेताना : आपले अनुभव

ऑस्ट्रेलियातील जॉन केड यांनी १९४९ मध्ये उन्मादावर लिथियमचा उपयोग दाखवून दिला. त्यानंतर बरीच नवी औषधे आली, तरी बायपोलर आजाराचे (ज्यात उन्माद आणि नैराश्य यांचे झटके येतात) झटके रोखण्यात आणि आत्महत्येचा धोका कमी करण्यात लिथियमचे स्थान टिकून आहे. मात्र थायरॉइड आणि मूत्रपिंडांवर त्याचा परिणाम होऊ शकतो, त्यामुळे हे औषध घेणाऱ्यांच्या घरात नफ्यातोट्याचा विचार कायम चालू असतो. आपण तो कसा केला, हे कृपया सविस्तर लिहावे. गोळ्यांचे प्रमाण मात्र कोणी कोणाला सुचवू नये.

पुणे, वय ४७
उन्मादाच्या काळात मी रात्र रात्र जागून नव्या धंद्याचे बेत लिहीत असे आणि त्यापायी घरातले सोने गहाण पडले होते. लिथियम सुरू झाल्यापासून तसा झटका आलेला नाही. हाताला बारीक कंप असतो, त्यामुळे धनादेशावरची सही कधी जुळत नाही. पुढे टीएसएच (थायरॉइड मंदावल्याचे दाखवणारा रक्तातला आकडा) वाढले म्हणून सकाळी उपाशीपोटी थायरॉक्सिन ही थायरॉइडची गोळीही घेतो. एका गोळीमुळे दुसरी मागे लागली, तरी मला त्याची खंत वाटत नाही.

नागपूर, रुग्णाची पत्नी
यांच्या गुडघेदुखीसाठी भर मे महिन्यात एका दवाखान्यातून डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक लिहून दिले गेले. लिथियम चालू असल्याचे आम्ही सांगितले होते, पण त्याकडे लक्ष दिले गेले नाही. चार-पाच दिवसांत उलट्या सुरू झाल्या, जीभ जड झाली, आणि आमटीची वाटी तोंडापर्यंत नेताना निम्मी अंगावर सांडू लागली. रक्तातली लिथियमची पातळी १.९ निघाली, एरवी ती ०.७ च्या आसपास असते. शरीरातले पाणी आणि मीठ कमी झाले की मूत्रपिंडे सोडियमबरोबर लिथियमही धरून ठेवतात, आणि अशा वेदनाशामकांनी त्यात भर पडते, असे मनोविकारतज्ज्ञांनी नंतर समजावले. सलाइन लावावे लागले. आता उन्हाळ्यात निर्जळी उपास पूर्ण बंद आहेत, आणि रक्तदाबाची गोळी बदलायची झाली तरी आधी मनोविकारतज्ज्ञांना फोन करतो, कारण त्यांतल्या काही गोळ्यांनीही पातळी चढते.

कोल्हापूर
नागपूरच्या ताईंच्या लिहिण्याला एक जोड देतो. पातळीसाठी रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यावे लागते. सकाळची गोळी घेऊन प्रयोगशाळेत गेल्यास आकडा फसवा येतो.

डोंबिवली, वय ३१
मला आधी व्हॅल्प्रोएट हे याच आजारावरचे दुसरे औषध चालू होते. गर्भाच्या मज्जारज्जूत आणि मेंदूत दोष निर्माण होण्याचा त्याचा धोका मोठा असल्याने मूल हवे असे ठरताच, गर्भधारणेच्या आधीच, डॉक्टरांनी ते बदलून लिथियम दिले. लिथियमनेही पहिल्या तिमाहीत बाळाच्या हृदयात दोष होण्याची शक्यता थोडी वाढते, हे त्यांनी आम्हा दोघांना आणि सासूबाईंना समोर बसवून सांगितले. “औषधच नको,” असा सासूबाईंचा आग्रह होता. औषधाविना झटका आला तर आई आणि बाळ दोघांनाही धोका असतो, हे ऐकल्यावर त्या माझ्या बाजूने उभ्या राहिल्या. गरोदरपणात पातळी घसरते आणि बाळंतपणानंतर चटकन चढते, म्हणून रक्ततपासण्या वारंवार झाल्या. बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी व्यवस्थित आली तेव्हा सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली.

रत्नागिरी, निवृत्त शिक्षक
मी वीस वर्षांहून अधिक काळ लिथियमवर आहे आणि त्यामुळेच नोकरी पूर्ण करू शकलो, असे मनापासून मानतो. पण ईजीएफआर (मूत्रपिंडांची रक्त गाळण्याची क्षमता दाखवणारा आकडा) हळूहळू घसरून ४८ वर आला आहे, आणि तहान व लघवीसाठी रात्री तीनदा उठावे लागते. मूत्रपिंडतज्ज्ञांचे मत औषध बदलावे असे आहे. मनोविकारतज्ज्ञांना या वयात झटका परत येण्याची भीती वाटते. दोघांचेही म्हणणे मला पटते, आणि हीच माझी अडचण आहे. तूर्त दोघांनी आपसांत बोलून मात्रा थोडी कमी केली आहे आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडांच्या कामाची रक्ततपासणी) व कॅल्शियम दर तीन महिन्यांनी तपासतो. ईजीएफआर आणखी उतरला तर लिथियम काही महिन्यांत टप्प्याटप्प्याने सोडायचे असे ठरले आहे, कारण एकदम थांबवल्यास उन्माद उसळण्याचा धोका असतो. अशा वळणावर ज्यांनी औषध बदलले, त्यांनी पुढचे वर्ष कसे गेले ते जरूर लिहावे.